क्याई लिरिह बोलेना

"घरात तुम्हाला हात लावणारं कोण आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

इबू वुर्यांतींना वाटलं, आपण चुकून भलत्याच खोलीत शिरलो. सहासष्टाव्या वर्षी, सगळी गल्ली मानाने इबू म्हणते त्या बाईमाणसाला असला प्रश्न कोणी विचारतं का?

"म्हणजे असं," डॉक्टरीणबाई समजावू लागल्या, "हे जेल आंघोळ झाली की दंडावर चोळायचं. नीट वाळेपर्यंत तिथे दुसऱ्या कोणाचं अंग लागू द्यायचं नाही. बायकांचं हार्मोन आहे हे, दुसऱ्याच्या अंगात जातं. नवरा, नातवंडं, कोणी..."

"नवऱ्याला जाऊन तिसरं वर्ष चाललंय. नातवंडं सेमारांगला असतात. मला आता कोणी हात लावत नाही हो, डॉक्टर."

त्या काही तक्रार करत नव्हत्या. घरात साखर नाही हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाई मात्र जरा वेळ खाली मान घालून लिहीत राहिल्या.

वीस वर्षांपूर्वी वुर्यांतींची पिशवी काढली, तेव्हापासून त्यांच्या अंगातून गरम वाफा यायच्या. दिवसातून कितीदा तरी, आणि झोपेत हमखास. बाकीच्या बायकांच्या वाफा वर्षा-दोन वर्षांत विझल्या, ह्यांची चूल पेटलेलीच राहिली. पण त्याचा त्यांना फारसा जाच झाला नाही, कारण सार्जितो होते. कोटागेडेत चांदीचं नाजूक काम करणारा हा माणूस बायकोने कूस बदलली की उठून बसायचा आणि बांबूचा पंखा घेऊन वारा घालायचा. सतरा वर्षांतला तो सगळा उकाडा आपण सोसलाच नव्हता, तो सार्जितोंच्या मनगटाने सोसला होता, हे वुर्यांतींना ते गेल्यावर कळलं. मुलीने विजेचा पंखा पाठवला. पण विजेचा पंखा नुसता वारा घालायचा. सार्जितो वारा घालता घालता शेजाऱ्यांच्या कुचाळक्याही करायचे.

अडीच वर्षं धड झोप नाही म्हटल्यावर वुर्यांतींनी शेवटी दवाखाना गाठला. पाळी गेल्यावर इतक्या वर्षांनी हे औषध सहसा सुरू करत नाहीत, असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी बरेच आढेवेढे घेतले. हृदय तपासलं, छाती तपासली, रक्त तपासलं, आणि मग अगदी थोड्या मात्रेला तयार झाल्या. पाय सुजला किंवा छातीत दुखलं तर ताबडतोब यायचं, नाहीतर तीन महिन्यांनी.

जेल गुणाला आलं. महिनाभरात वाफा ओसरल्या, आणि वुर्यांती सकाळी उठून बघतात तो उशी कोरडी! त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. अंगण झाडताना त्या गुणगुणू लागल्या. बाजारात जाऊन त्यांनी निळ्या फुलांचा नवा झंपरही घेतला.

आणि त्याच महिन्यात क्याई लिरिह गप्प झाला.

क्याई लिरिह हा सार्जितोंचा होला. हातभर अंगणात सहा वर्षं टांगलेलं हे मूठभर पाखरू, पण त्याचं घुमणं ऐकायला लोक बाहेरगावाहून यायचे. पहाटेच्या नमाजाची बांग संपली की तो सुरू व्हायचा, आणि सार्जितो ओसरीतून "हं, पुढे?" म्हणून त्याला दाद द्यायचे. पुढे सार्जितो गेले, पण घुमणं राहिलं. वुर्यांती अंथरुणात पडून ते ऐकायच्या आणि मनातल्या मनात म्हणायच्या, "हं, पुढे?" मग सगळं आवरून, आंघोळ करून, हल्ली जेलही लावून त्या पिंजऱ्यापाशी यायच्या. सार्जितो करायचे तसंच त्याला बाहेर काढून कोपराच्या वरच्या वळणात घ्यायच्या. तो तिथे पोट टेकवून डोळे मिटायचा. दिवसभरातलं त्यांचं सगळं सुख तेवढ्यात होतं.

आता बांग संपायची आणि अंगणात शांतता पसरायची.

"ह्याचं काहीतरी बिनसलंय," बापाक प्रवोतो म्हणाले. हे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मानाने बापाक म्हटले जाणारे विधुर गृहस्थ, होलेवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. ते रोज नवा उपाय घेऊन येऊ लागले. आधी आलं घातलेलं पाणी झालं, मग काळे तीळ, मग मुंग्यांची अंडी. शेवटी त्यांनी आपली लाडकी मादीच आणली. "हिला बघितलं की मेलेला होलासुद्धा घुमतो, इबू."

क्याई लिरिहने मादीकडे बघितलं. मग तो शांतपणे तिच्या शेजारी गेला, नारळाचा काथ्या ओढून पोटाखाली घेतला आणि बूड पसरून बसला. मादी थोडा वेळ वाट बघून पलीकडे तोंड करून उभी राहिली.

"असं कसं?" प्रवोतोंचा आवाजच बसला. "इबू, ह्याचा... स्वतःविषयी काहीतरी गैरसमज झालाय."

आता गल्लीतल्या लोकांना डोळे होते आणि हिशेब जुळवायला वेळही होता. विधवेच्या गालावर लाली आहे, अंगात नवा झंपर आहे, बापाक प्रवोतो रोज येतात, आणि सार्जितोंचं पाखरू मूग गिळून बसलंय. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणाऱ्या इबू जुमिराहने पानात टेंपे बांधता बांधता निकालच लावून टाकला. "रागावलाय तो. पाखरू नाही ग, सार्जितो. हजारावा दिवस अजून व्हायचाय, तो इथेच आहे. सगळं बघतोय."

मरणानंतर हजाराव्या दिवशी प्रार्थना झाली की गेलेला माणूस मागे वळून बघत नाही. त्या दिवशी होलेवाल्या मंडळाने अंगणात उंच बांबू उभारून क्याई लिरिहला वर चढवायचं ठरवलं होतं. सार्जितोंनी जाता जाता त्याचं घुमणं ऐकावं, अशी सगळ्यांची इच्छा. वुर्यांतींची तर ती एकच इच्छा होती. त्यांना सार्जितोंना धड निरोप देता आला नव्हता. त्या दवाखान्याच्या बाकावर जरा पेंगल्या होत्या, आणि तेवढ्यात ते गेले. निदान आता तरी त्यांना रिकाम्या कानांनी जाऊ द्यायचं नव्हतं.

आदल्या दिवशी मुलगी निकेन सेमारांगहून आली ती पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "आई, तू लग्न करतेयस?"

"कोणाशी?"

"बापाक प्रवोतोंशी! सगळी गल्ली बोलतेय."

बापाक प्रवोतो तेव्हा स्टुलावर चढून पिंजऱ्यात मुंग्यांची अंडी घालत होते. ती सगळी निकेनच्या डोक्यावर सांडली.

"मला कोणी काही सांगितलं नाही," ते वरून कसेबसे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चटया अंथरल्या, इमामसाहेब आले, भाताचे शंकू मांडले. प्रार्थनेआधी पिंजरा दोरीने वर चढला. गल्ली माना वर करून उभी राहिली. वर क्याई लिरिहने पिंजऱ्यावर बांधलेल्या मंडळाच्या निशाणाचा एक दोरा चोचीत धरला, ओढून काढला, आणि पोटाखाली नीट लावून बसला.

"रागावलाय," कोणीतरी पुटपुटलं, आणि सगळ्यांच्या नजरा निळ्या झंपराकडे वळल्या.

वुर्यांतींनी पिंजरा खाली घेतला आणि पाखराला बाहेर काढलं. तो सवयीने त्यांच्या कोपराच्या वरच्या वळणात शिरला, उघड्या कातडीला पोट घासलं आणि डोळे मिटले. आणि त्या क्षणी त्यांना डॉक्टरीणबाईंचा प्रश्न आठवला. घरात तुम्हाला हात लावणारं कोण आहे?

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. लोकांनी सार्जितोंना रागीट ठरवलं असतं आणि शंकू खाऊन घरी गेले असते. पण ज्या माणसाने सतरा वर्षं झोपमोड करून वारा घातला, तो रागीट म्हणून जाणार?

"ते रागावले नाहीयेत," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आणि मी लग्नही करत नाहीये. पाळी गेल्यावर बायकांच्या अंगाची आग होते, त्याचं औषध मी दंडाला लावते. बायकांचं हार्मोन. ते ह्याच्या अंगात गेलं. मीच घालवला ह्याचा आवाज."

इमामसाहेब खोकले. पुरुषांनी भाताच्या शंकूंवर नजर रोखली. बापाक प्रवोतो तेवढे भानावर होते. "मग माझ्या मादीत काही खोट नाही ना?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून जुमिराहचा आवाज आला, "कुठली डॉक्टर, इबू? कुठे बसते?" तिच्यामागे आणखी तिघी-चौघी पदराने मान पुसत उभ्या होत्या.

प्रार्थना झाली. सार्जितो गेले, काही न ऐकता गेले. त्या संध्याकाळी वुर्यांतींनी जेलची नळी कपाटात टाकून कुलूप लावलं. "मला नको ती झोप. त्याचा आवाज येऊ दे परत."

चार-पाच दिवसांत वाफा पुन्हा सुरू झाल्या. भर दुपारी त्यांना घामाने निथळत बसलेलं बघून निकेनने खुंटीवरचा बांबूचा पंखा काढला आणि वारा घालू लागली. थोड्या वेळाने तिने हात बदलला. मग पुन्हा बदलला. मग पंखा मांडीवर ठेवून मनगट चोळत ती रडायलाच लागली.

"बाबा हे रोज करायचे?"

"रोज."

"आई, नळी बाहेर काढ. माझ्याकडे बाबांचं मनगट नाही."

डॉक्टरीणबाई पाखराची हकिकत ऐकून आधी खो खो हसल्या, मग वुर्यांतींचा चेहरा बघून नवी चिठ्ठी लिहू लागल्या. जेल मांडीला लावायचं, हात साबणाने धुवायचे, वर कापड असू द्यायचं. आणि पाखराला तूर्त अजिबात हात लावायचा नाही. त्याचं त्याला बरं होऊ द्यायचं.

"तेव्हा मी विचारलं होतं तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या.

"हो. पाखराला त्यात मोजायचं मला सुचलंच नाही."

पिंजरा आता बापाक प्रवोतो साफ करायचे, मान खाली घालून. वुर्यांती ओसरीवर लांब बसून बघायच्या. काय करायचं ते हातांना कळत नसे, म्हणून त्या तांदूळ निवडायच्या, निवडलेलेच पुन्हा निवडायच्या. झोप मात्र हळूहळू परत आली, आणि पूर्वीपेक्षा गाढ आली. तिची त्यांना लाजच वाटायची.

एका सकाळी दारावर थापा पडल्या. वुर्यांती डोळे चोळत बाहेर आल्या तर ऊन पार ओसरीवर आलेलं. अंगणात बापाक प्रवोतो, जुमिराह आणि अर्धी गल्ली.

"ऐकलंत ना, इबू?" प्रवोतोंच्या डोळ्यांत पाणी होतं. "बांग संपल्या संपल्या! अगदी पहिल्यासारखा! मशिदीत इमामसाहेबसुद्धा थांबले!"

वुर्यांतींनी पिंजऱ्याकडे बघितलं. क्याई लिरिह दाणे टिपत होता, जणू काही घडलंच नाही.

"नाही ऐकलं," त्या म्हणाल्या. "झोपले होते मी."

सगळे एकदम ओशाळले. "अग बाई," जुमिराह म्हणाली, "हाक मारून उठवायला हवं होतं आम्ही."

"नको." वुर्यांती पायरीवर बसल्या. त्यांना हसू येत होतं आणि रडूही आवरत नव्हतं. "मला झोप लागावी म्हणूनच तर ते जागायचे."