सन्माननीय चिरंजीव

प्रस्तावनेशिवाय भालेरावकाकांना वाटीभर साखरही मागता येत नाही. अमेरिकेत वेस्ट विंडसरला आमच्या शेजारी ते मुलाकडे राहायला आले, त्याच आठवड्यात दार वाजलं. "सन्माननीय गृहलक्ष्मी, आणि सोफ्यावर उपस्थित असलेले जावईबापू," दार उघडताच खणखणीत आवाज आला, "थोडी साखर मिळेल का?" उभा जन्म परभणीच्या शाळेत हेडमास्तरकी केलेला माणूस, दुसरं काय होणार!

काकांना ड्रायव्हिंग येत नाही, म्हणजे अमेरिकेत पाय नसल्यातच जमा. पण आमच्या कॉम्प्लेक्समागे जुना कालवा आहे आणि त्याच्या काठानं मातीची वाट. पूर्वी खेचरं तिथून चालत होड्या ओढायची. आता जॉगर्स, सायकलवाले आणि कुत्री फिरवणारे असतात. काका सकाळ-संध्याकाळ तिथंच. मग आमच्या रहिवाशांच्या असोसिएशननं वाटेकडे जाणाऱ्या फाटकाला कुलूप ठोकलं. कारण काय, तर बाहेरचे लोक आत येतात.

काका पेटलेच. "अहो, वाट काय तिजोरी आहे कुलूप लावायला?" इंडियन स्टोअरमध्ये भेंडी निवडणाऱ्या बायकांना गाठून ते कुलूप काढायच्या अर्जावर सह्या मागू लागले. "सन्माननीय भगिनी" ऐकूनच एकीनं पिशवी टाकून पळ काढला.

त्यांचा मुलगा मंदार वैतागला. "काय यार बाबा! लोक मला ऑफिसात विचारतात. घरी ट्रेडमिल आणतो ना तुम्हाला."

"ट्रेडमिलवर समोरून कोण येतं?" काकांनी विचारलं. तेवढ्यात मंदारला फोन आला.

असोसिएशनच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. अध्यक्ष लिंडाबाई समोर किचन टायमर घेऊनच बसतात. काकांनी आधी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि सुरू झाले, "रिस्पेक्टेड प्रेसिडेंट, डिग्निटरीज ऑन द डायस..." डायस कुठला, टेबलावर पिझ्झाचे खोके होते. काकांनी एकेका सभासदाचा गौरव केला, पिझ्झा आणणाऱ्याचेही आभार मानले. "आता मी मुख्य विषयाकडे वळतो," म्हणाले आणि टायमर वाजला. लिंडाबाई नारळ कानाशी हलवून बघत होत्या.

पुढच्या मीटिंगला मतदान होतं. मी बजावलं, "काका, प्रस्तावना कॅन्सल! नाहीतर कुलूप कायमचं."

काका उभे राहिले. मंदार त्यांना गाडीतून घेऊन आला होता. तोही मागच्या रांगेत लॅपटॉप उघडून बसला होता. "रिस्पेक्टेड..." एवढं म्हणून काका थांबले. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "माझा मुलगा, सून सकाळी जातात, रात्री थकून येतात. चांगली आहेत. पण त्या वाटेवर समोरून येणारा प्रत्येक माणूस मला गुड मॉर्निंग म्हणतो. दिवसभरात माझ्याशी बोलणारी तेवढीच माणसं आहेत. कुलूप तेवढं काढा."

आणि खाली बसले. टायमर चालूच होता. मंदारनं लॅपटॉप मिटला. मला फार वाईट वाटलं, त्याच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

कुलूप निघालं. आता शनिवारी मंदारही काकांबरोबर जातो. चालतो भराभर, फोन कानाला, त्यामुळे कालव्यावरच्या पुलापर्यंत पुढे जाऊन वळून परत येतो. तो जवळ आला की काका वाटेच्या मधोमध उभे राहतात.

"सन्माननीय चिरंजीव, गुड मॉर्निंग!"

आणि उत्तर मिळाल्याशिवाय बाजूला होत नाहीत.