सभासद क्रमांक ३७१

तुमच्या घरी कधी नवऱ्याची दुबार नोंद जेवायला आली आहे का? आमच्याकडे आली. गावच्या वाचनालयाने सभासदांची यादी संगणकात भरली, त्यात ह्यांचं नाव चुकून दोनदा पडलं आणि त्या दुपारी एकाच्या ठोक्याला दोन हे घरी आले. मी आणखी एक ताट घेतलं.

दोघे अगदी सारखे. फक्त दुसऱ्यांनी जेवल्यावर आपलं ताट घासून पालथं घातलं.

चार दिवसांनी पहिले हे म्हणाले, "हे काही बरं नाही. जादा नोंद पुसून घे." म्हणून मी वाचनालयात गेले. दोघेही मागोमाग आले.

तिथे संगणकावर पुष्पलताताई बसतात. "कोणाला काढायचं? नाव घ्या, वहिनी."

"मी ह्यांचं नाव घेत नाही."

"तेच बरं. नावाने काढलं तर दोघेही जातील. नंबर सांगा."

दुसऱ्यांनी स्वतःच खिशातून कार्ड काढून दिलं. ३७१. ताईंनी हुकूम लिहिला, बटण दाबलं. संगणकाने नकार दिला.

"ह्यांनी पुस्तक नेलंय," ताई म्हणाल्या. "पुस्तकांच्या तक्त्यात नंबर आहे तोवर सभासदांच्या तक्त्यातून नोंद निघत नाही."

"चाळीस पानं राहिलीत," दुसरे हे संकोचून म्हणाले.

"वाचा सावकाश," मी म्हटलं.

पहिल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि माझ्या नंबरावर?"

"२१४... काहीच नाही. अकरा वर्षांत एक पुस्तक नाही. तुम्ही एका बटणात निघाल हो!"

ताईंनी बोट बटणावर ठेवून माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला त्या पालथ्या ताटाची आठवण झाली.

"थांबा!" पहिले हे ओरडले. कपाटाकडे धावत गेले आणि आंब्यावरच्या रोगांचं नऊशे पानी पुस्तक छातीशी धरून आले. "आधी हे माझ्या नंबरावर टाका!"

ताईंनी टाकलं. "मुदत पंधरा दिवस. दुसऱ्या कोणी मागितलं नाही तर वाढवून मिळते."

"हे कोण मागणार?"

"मग माझंही वाढवा," दुसरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोन ताटं पालथी घातलेली होती. मी तिघांचा चहा टाकला.