कोळंबीच्या सॅलडमधलं पाणी

"पस्तीस वर्षं ज्याने जिन्याखालच्या अंधारात विजेचे मीटर वाचले, त्याला माणसाचं मन वाचायला कितीसा वेळ?" असं मामा स्वतःबद्दल सांगत. निवृत्त होताच त्यांनी भिंग घेतलं आणि ते गुप्तहेर झाले. त्या भिंगाने आजवर काही शोधलं असेल तर ते मामींनी, तांदळातले खडे.

आज मात्र भाचीच्या नोकरीचा प्रश्न होता. एक वाजता हॉटेलच्या मालकीणबाई चव बघायला घरी येणार होत्या. पसंत पडलं तर भाची त्यांच्या स्वयंपाकघराची मुख्य. उकडलेली कोळंबी, काकडी, आंबा, अननस. वरून मीठ, लिंबू, आलं, मध आणि तिळाच्या तेलाचं घरी घुसळलेलं ड्रेसिंग. ते तिने ऐनवेळी घालायला वेगळ्या बाटलीत ठेवलं होतं. तरी सकाळपासून दोनदा सॅलडचं तळं झालं होतं! आता तिसरंच वाडगं काय ते उरलं होतं.

"मामी, माझं चुकतंय तरी कुठे?" भाची रडवेली झाली.

"कोणीतरी पाणी ओततंय," मामा गरजले. "लिहून घ्या, गुन्हेगार घरातलाच आहे!"

घरात तिघंच होती. मामींनी लिहून घेतलं नाही.

आधी फ्रिजवर संशय आला. मग कोळीणबाईवर. मग वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांवर. त्यासाठी मामा स्टुलावर चढले आणि छतावरच्या पालीची कसून चौकशी केली. तिने काही कबूल केलं नाही. बाटलीतलं ड्रेसिंगही कमी होत होतं, पण ती मामांनी वेगळी केस धरली होती.

बारा वाजता भाची कपडे बदलायला गेली. मामा हळूच वाडग्याकडे सरकले, एक फोड तोंडात टाकली आणि बाटली उचलली.

"हे काय चाललंय?" मामी म्हणाल्या.

"पुरावा चाखतोय. सकाळपासून फिकाच लागतोय हो! म्हणून दोन्ही वेळा ड्रेसिंग घालून नीट कालवला."

"आणि झाकून ठेवलात?"

"तासभर. पुरावा जपावा लागतो."

"अहो, मीठ लागल्यावर काकडी पाणी सोडणार नाही तर काय करेल?" मामींनी बाटली हिसकावून घेतली आणि एक वाजेपर्यंत हातातून सोडली नाही.

भाचीने ड्रेसिंग टेबलावरच घातलं. काकडी कुरकुरली. मालकीणबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या."

त्या गेल्यावर भाचीने मामींना मिठीच मारली. "पण मामी, पाणी ओतत कोण होतं?"

मामींनी मामांकडे पाहिलं. मामांनी भिंग रुमालाने पुसलं, खिशात ठेवलं आणि छाती फुगवून म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो, घरातलाच निघेल!"