वाढत्या मापाचे बूट

पार्सल उघडलं तेव्हा हंबीररावांना वाटलं, दुकानदाराने चुकून मोटारसायकलचा एखादा भाग पाठवला. आत नडगीपर्यंत उंच, केशरी प्लास्टिकचे दोन टणक बूट होते आणि प्रत्येकाला चार-चार बकलं. नात शिवांजली मात्र ते छातीशी धरून घरभर नाचली. पलूसच्या कॉलेजात मल्लखांब करणाऱ्या या पोरीची हिमालयातल्या औलीच्या स्कीइंग शिबिरासाठी निवड झाली होती. तिथे डोंगरभर घसरायचं होतं आणि हवेत कोलांट्याही मारायच्या होत्या. दोन्हींना मिळून हा एकच जोड. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या गाडीने तिला निघायचं होतं.

तिने बूट चढवले. पुण्याच्या प्रशिक्षकांनी फोनवर सांगितलं होतं तसं ताठ उभी राहिली, तर बोटं पुढे टेकली. गुडघे वाकवले, तर बोटं मागे सरली. टाच काही जागची हलली नाही. बूट अगदी बरोबर बसतोय, असं तिने जाहीर केलं.

"बरोबर कसला? बोटं टेकत्यात म्हंजी ल्हान हाय त्यो," हंबीरराव म्हणाले.

सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या हंबीररावांचं बुटांच्या बाबतीत एकच तत्त्व होतं: माप वाढतं घ्यावं. मुलाला तिसरीत घेतलेले बूट त्याला पाचवीत नीट बसले, तोवर त्यांचे तळ झिजले होते. स्वतः हंबीररावांचा पाय नऊ नंबरचा. भरतीच्या वेळी विचारलं तेव्हा त्यांनी छाती फुगवून नऊ सांगितलं होतं आणि तेव्हापासून तोच नंबर. शिवांजलीने परोपरीने समजावलं की सैल बुटात पाय हलतो, उडीवरून उतरताना टाच सुटते आणि गुडघा जायबंदी होतो. गुडघ्याचं नाव काढल्यावर हंबीररावांनी वाद सोडला, पण त्यांना पटलं नव्हतं. एवढ्या लांब, परक्या मुलखात पोरीची बोटं सोलून निघतील, या काळजीने त्यांना भाकरी गोड लागेना.

यावर गावाकडे जुना उपाय आहे. नव्या वहाणा चावायला लागल्या की घरातल्या मोठ्या पायाच्या माणसाने त्या आठ दिवस घालायच्या आणि रुळवून द्यायच्या. घरात मोठा पाय एकच होता. आठ दिवस मात्र हाताशी नव्हते, म्हणून एका दिवसात आठ दिवसांचं चालायचं त्यांनी ठरवलं. गुरुवारी सकाळी शिवांजली दाखला आणायला कॉलेजात गेली आणि इकडे हंबीररावांनी फौजेतले जाड लोकरी मोजे घालून बुटात पाय सारले. नऊ नंबरचा पाय आत गेला कसा, याचं त्यांना नवल वाटायला हवं होतं. त्यांना तो विजय वाटला. आठही बकलं त्यांनी शेवटच्या दातापर्यंत ओढली आणि अंगणात फेऱ्या सुरू केल्या.

अकराच्या सुमारास पाय घामाने फुगले. बकलं उघडली, तरी पाय निघेना. मनुबाईंनी दोन्ही हातांनी बूट ओढला, तेव्हा बुटासकट नवराच ओसरीवरून खाली आला.

आता ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या धुळा मेस्त्रीकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बुटामुळे गुडघे वाकलेले, अंग पुढे झुकलेलं, अशा थाटात सुभेदार खाडखाड करत भर बाजारातून निघाले. पारावरच्या लालासाहेबांनी हटकलं, तेव्हा अब्रू राखायला त्यांनी गुडघेदुखीचे बूट असल्याचं ठोकून दिलं. आराम पडतो का, या प्रश्नाला लय पडतो असंही सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धुळाच्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर गुडघे दुखणारी सात माणसं त्यांच्या मागे लागली होती आणि लालासाहेबांनी तर आपल्या पायाचा नंबरही सांगून टाकला होता.

धुळाने बूट वाजवून पाहिले, पान्याने ठोकून पाहिले आणि सरळ कटर मशीन हातात घेतलं. "आबा, ह्ये कापावंच लागंल."

सीमेवर कधी घाबरले नव्हते एवढे हंबीरराव घाबरले. पोरीने दोन वर्षं मल्लखांबावर अंग घासून ही संधी मिळवली होती आणि ती आता त्यांच्या पायांत अडकली होती.

"पाय काप गड्या," ते म्हणाले, "पर बुटाला हात लावू नगंस. पोरीची पाचची गाडी हाय."

तेवढ्यात कॉलेजातून परतणारी शिवांजली गर्दी बघून आत शिरली. खाली बसली, बुटाची जीभ पुढे ओढली, प्लास्टिकच्या दोन्ही कडा फाकवल्या आणि दोन्ही पाय सुळकन बाहेर काढले. धुळाने जरा हिरमुसूनच मशीन ठेवून दिलं.

घरी आल्यावर तिने बूट पुन्हा घालून बघितले. ते तसूभरही सैल झाले नव्हते. मग मात्र ती विचारात पडली. तिने आजोबांना भिंतीला टाच लावून कागदावर उभं केलं, बोटापाशी खूण केली आणि पट्टी लावली. माप साडेचोवीस सेंटिमीटर भरलं. तिचंही तेवढंच होतं.

"आबा, तुमचा पाय सहा नंबरचा हाय."

हंबीररावांनी आधी पट्टी खोटी ठरवली, मग कागद. शेवटी मनुबाई शांतपणे म्हणाल्या, "चाळीस वर्सं ह्येंच्या बुटात कोंबायला चिंध्या मीच देतीया. मला वाटलं, फौजंत तशीच पद्धत आसंल."

शिवांजलीला हसू आवरेना. तिने विचारलं, बुटात टाच उचलत होती का? हंबीररावांनी बराच वेळ आपल्या तळव्यांवरच्या जुन्या कुरुपांवरून हात फिरवला.

"न्हाई," ते म्हणाले. "आज पयल्यांदाच उचलली न्हाई बघ."

पाचच्या गाडीने शिवांजली बुटांसह गेली. दुसऱ्या दिवशी हंबीरराव बुटांच्या दुकानात गेले. आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही असं पाहून त्यांनी हलक्या आवाजात सहा नंबरचा जोड मागितला. दुकानदाराने कुणासाठी म्हणून विचारलं, तेव्हा घरातल्या एका पोरासाठी असं त्यांनी सांगितलं.

"मग आबा, एक नंबर वाढीव न्या की. पोराचा पाय वाढतोय."

"नगं," हंबीरराव म्हणाले. "त्येचं वाढायचं त्ये वाढून झालंय."