म्हातारीच्या बुटाची जोड

आमच्या ईट गावामधी चपलेचा एक अंगठा तुटला तरी दोन्ही चपला घेऊन जावं लागायचं. गावचे जोडे शिवणारा भिवा एकटी चप्पल हातात धरत नसे. तलाठ्यानं एकदा कोतवालाच्या हाती एकच बूट धाडला. भिवानं तो तसाच माघारी पाठवला. "साहेबांना म्हणावं, कचेरीला लंगडी घालत जाता का? जोड कुठाय?"

"जोड कुठाय?" हाच त्याचा रामराम. रस्त्यानं एकटा गडी दिसला की झालं. नव्या नवरदेवाची बायको माहेराला गेलेली असली तर भिवा पाराजवळनं वरडायचा, "का रं, जोड कुठाय?" पोरगं लाजून बोळानं पळायचं. भिवाचं स्वतःचं लगीन झालेलं न्हाय. लोक म्हणायचे, "गावाचे जोडे शिवतोस, स्वतःचा का जुळवला न्हाईस?"

"माझं माप घेणारी गावली न्हाय," म्हणायचा आन् आरी बाजूला ठेवून हसायचा.

माझ्या बायकोला तो अक्का म्हणायचा. आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला तवा कुणीतरी सांगितलं, मुंबई आता आपली. भिवा म्हणाला, "आपली हाय तर बघून येऊ की." आमची एकुलती लेक तिथंच. जावई गोदीत कामाला. बायको मला म्हणाली, "भिवाला घ्या संगं. तुमी तर तोंड उघडत न्हाय. नातींना फिरवणार कोण?" खोटं न्हवतं. आमच्या घरात औत माझं आन् बोलणं तिचं.

बार्शीवरनं लहान गाडी, कुर्डुवाडीला मोठी, असं करत पोचलो. मंगल सात वर्सांची, छबी चार. दोघी भिवाची दोन बोटं धरून पुढं, आमी मागं. राणीच्या बागेत लोक जनावराचं तोंड बघतात, ह्यो पाय बघायचा. हत्तीपाशी बसून यानं वितीनं हवेतच माप घेतलं. गेंड्यापाशी आला आन् हळहळला, "काय कातडं हाय दादा! नुसतं चिखलात लोळून वाया चाललंय." माशांच्या घरात काचेतनं रंगीत मासे बघून लेकरं उड्या मारत व्हती. हा दोन मिनिटांत भाईर. म्हणाला, "हितं आपलं काय काम? पायच न्हाईत." चौपाटीवर खाऱ्या पाण्यानं कातडं सडतं म्हणून आमा सगळ्यांच्या चपला छातीशी धरून उभा राह्यला. भेळवाल्याला वाटलं, इकायला आणल्यात.

मग टेकडीवरच्या बागेत गेलो, म्हातारीचा बूट बघायला. घराएवढा बूट. आत जिना. लेकरं वर चढून हात हलवतात. भिवानं भोवती तीन चकरा मारल्या. टाचेवर टकटक केलं. "सिमिटाचा हाय," म्हणून तोंड वाकडं केलं. मग रखवालदाराला गाठलं.

"जोड कुठाय?"

"कसली जोड?"

"ह्याची. एका पायाचा हितं हाय. दुसऱ्याचा कुठाय?"

"एकच बांधलाय, बाबा."

"म्हंजे म्हातारी एकाच पायाची व्हती का?"

छबीनं ते ऐकलं आन् भोकाड पसरलं. म्हातारीचा पाय तुटला! तिचं बघून मंगलनं सूर लावला. बागेतली माणसं गोळा झाली. बायको कडाडली, "भिवा, लेकरांना रडवलंस. आता तूच गप कर!"

भिवा घाबरला. उकिडवा बसून म्हणाला, "अगं, पाय शाबूत हाय तिचा. दुसरा बूट माझ्याकडं हाय, ईटला. तळ घालायला दिलाय."

छबी थांबली. "कधी देणार?"

"तळ मोठा हाय, माय. येळ लागंल."

त्या दिवसापास्नं लेकीच्या प्रत्येक पत्राच्या खाली मंगलची एक वळ यायची, 'भिवामामाला विचारा, बूट झाला का?' बायको पत्र घेऊन मुद्दाम त्याच्या दुकानावर जायची. "भिवा, म्हातारीचं कसं काय?"

"टाच राह्यली, अक्का."

दोन वर्सं ही टाच राह्यली.

मागल्या माघात बायको गेली. तीन दिवस ताप. त्यावर जास्त लिहीत न्हाय.

चैतात लेकीचं पत्र आलं. उन्हाळ्यात लेकरांना आणते, पण आजीबिगर त्यांना करमलं न्हाय तर आठ दिवसांत परत नेईन. खाली मंगलची वळ व्हतीच. मी पत्र भिवाच्या म्होरं टाकलं. "वाच. मला लेकरांशी बोलता येत न्हाय. आठ दिवसांत घर पुन्हा वसाड."

भिवानं हातातला दोरा खाली ठेवला. मग म्हणाला, "दादा, हिरीवर इंजिन बसवल्यापास्नं तुमची मोट कुठाय?"

"गोठ्यात टांगलीया."

"द्या."

मोट म्हंजे हिरीतनं बैलानं पाणी वढायची कातड्याची पखाल. वर रुंद तोंड, खाली सोंड. उभी जिंदगी म्या ती मोट हाकली, पण ती आडवी ठेवली की बूट दिसती, हे मला कधी दिसलं न्हवतं. भिवानं ती दोन दिस पाण्यात भिजवली, करडीचं तेल पाजलं, सोंड कापून चवडा केला, खाली खरा तळ ठोकला. टाचबी लावली.

लेकरं आली. घरात शिरल्या शिरल्या छबीनं चुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्या पाण्याचा तांब्या म्होरं केला. मंगल आईच्या पदरामागं. तेवढ्यात अंगणातनं आरोळी आली, "बूट तयार हाय! माप बघून घ्या!"

दोघी पळाल्या. छबी भोवती फिरली आन् हिरमुसली. "हा तर केवढासा! तिथला घराएवढा होता."

मी मनात म्हटलं, आता ह्यो सापडला.

भिवानं डोळाबी लवू दिला न्हाय. "तुमच्या आजीनं धुतला. कातडं धुतलं की आटतं. मी नको नको म्हणत व्हतो. पण तुमची आजी धुवायचं सोडती व्हय?"

मंगल खुदकन हसली. लेक हसता हसता रडायला लागली. आन् माझ्या तोंडातनं आपसूक निघालं, "एकदा माझा पटकाबी असाच आटवला व्हता तिनं." मग पटक्याची गोष्ट सांगावी लागली. मग दुसरी. आठ दिसांच्या जागी लेकरं महिनाभर राह्यली. रोज बुटात बसून गोष्टी ऐकल्या.

जायच्या दिवशी यष्टीत छबीच्या एकाच पायात सँडल. दुसरी कुठं गेली, कबूल करंना. गाडी हलल्यावर खिडकीतनं वरडली, "बुटात ठेवलीय! जोड न्यायला मी येणार!"

ती सँडल भिवानं दुकानात समोरच टांगलीया. ज्यानं जल्मात एकटी चप्पल हातात धरली न्हाय, तो रोज तिला तेल लावतो. आता गाव त्यालाच इचारतं, "भिवा, जोड कुठाय?"

"मुंबईत हाय. येणार हाय."

मी त्याला सरळ सांगितलं, "येड्या, पुढल्या उन्हाळ्यापतोर लेकराचा पाय वाढंल. ही बसायची न्हाय."

"ठावं हाय," म्हणाला. सँडलमधी लाकडी साचा घातलेला दाखवला. दर महिन्याला तो थोडा मोठा साचा घालतो. "हिला हळूहळू वाढवतो. दुसरी आली की तीबी वाढवू."

मी रोज सांजच्याला त्याच्या दुकानावर जाऊन बसतो. एकटाच जातो. जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्यांना तो अजून वरडून इचारतो, "जोड कुठाय?" मी आलो की खाली बघून पोतं सरकवतो आन् म्हणतो, "बसा, दादा."