संपर्क-यादीतली थोरली

जोडायचं म्हटलं की हातात आधी काहीतरी तुटलेलं असावं लागतं. या एका बाबतीत जिल्हा तुरुंगाचा हात धरणारी संस्था नाही. शाळा, दवाखाने, कचेऱ्या माणसाला सकाळी घरापासून तोडतात आणि संध्याकाळी तसाच सोडून देतात. पुढे त्याचं काय झालं हे कोणी बघायला जात नाही. तुरुंग माणसाला नीट, शिक्का मारून तोडतो आणि मग त्याला घराशी जोडून ठेवण्यासाठी स्वतंत्र कक्ष उघडतो. त्याचं नाव कुटुंब संपर्क कक्ष. (पाटीवरचा ‘कुटुंब’ हा शब्द पुसट झाला आहे. नवा रंग मंजूर आहे.)

कक्षात एक टेबल, एक खुर्ची, एक यंत्र आणि यंत्राला जोडलेला एक लिपिक एवढा सरंजाम होता. लिपिकाला सगळे कानमास्तर म्हणत. कैद्यांचा घरी होणारा प्रत्येक फोन ऐकायचा आणि वहीत त्याचा गोषवारा लिहायचा, हे काम ते चौदा वर्षं करत होते. कोणाच्या सासूचा कुठला गुडघा धरला आहे, कोणाची मुलगी गणितात अडली आहे, कोणाच्या बायकोने गॅसची शेगडी बदलली, सगळं त्यांना तोंडपाठ. साक्षात देवाचं काम म्हणायचं: सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि उत्तर कोणालाच द्यायचं नाही. फरक एवढाच की देव वही ठेवत नाही. (ठेवत असल्यास ती अद्याप तपासणीला आलेली नाही.)

सकाळभर असे कान झिजवून झाले की मास्तर दीड वाजता डबा उघडत. नेमका तेव्हाच त्यांच्या स्वतःच्या आईचा फोन येई. ती दुसऱ्या गावी मास्तरांच्या भावाकडे राहायची. पण मास्तरांचे कान तेव्हा दमलेले असत, त्यामुळे ते बोलणं ते उरकून घेत.

कक्षाचे नियम माणुसकीला धरूनच केलेले होते. कैद्याने आठवड्यातून एकदा बारा मिनिटं बोलावं. बोलणं मंजूर यादीतल्या नातेवाइकाशीच व्हावं. लाइनवर तिसरा आवाज आला तर फोन कायमचा बंद. आणि सलग वीस सेकंद दोन्हीकडून काहीच ऐकू आलं नाही, तर यंत्राने फोन आपणहून तोडावा. यामागचा विचार सरळ होता. माणसं गप्प झाली म्हणजे त्यांचं बोलून झालं, आणि बोलून झालं म्हणजे पुढच्याने रांग सोडून आत यावं. गेल्या वर्षी झालेल्या चार हजार एकशे सोळा फोनपैकी सहाशे नव्वद यंत्राने तोडले. वार्षिक अहवालात ते ‘वेळेआधीच समाधानाने पूर्ण झालेली संभाषणं’ या रकान्यात दाखवले आहेत. समाधान दरवर्षी वाढत आहे.

अशा या सुरळीत व्यवस्थेत चार नंबरच्या बराकीत एक टेलर आला. दुकानासमोर मारामारी झाली होती. ती कोणी सुरू केली हे कोर्ट सांगणार होतं, आणि कोर्टाला सवड व्हायची होती. टेलरच्या यादीत एकच नाव होतं, आई. ती एकदा भेटीला येऊन गेली. दोन बस बदलून, जिना चढून, चार तास बाकावर बसून तिला काचेपलीकडचा मुलगा पंधरा मिनिटं दिसला. म्हणजे तिला तसं सांगण्यात आलं. तिची नजर अधू होती, आणि काचही बरीच वर्षं पुसलेली नव्हती. पुन्हा यायची तिच्यात ताकद राहिली नाही. उरला तो गुरुवारचा फोन.

पहिल्या गुरुवारी मास्तरांनी ऐकलं ते असं.

“जेवलास?”

“जेवलो. तू?”

“हो.”

एवढ्यावर दोघं थांबले. या घराण्यात याला गप्पा म्हणत असावेत. मायलेकांनी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून वीस वर्षं कपडे शिवले होते, आणि त्या वीस वर्षांत बोलण्याची वेळ क्वचितच आली होती. मशीनवर तिचा पाय जोरात चालला तर ती चिडली आहे, सावकाश चालला तर जुनं काहीतरी आठवलं आहे, इतकं त्याला न विचारता कळायचं. यंत्राला मात्र अशी काही सोय नव्हती. विसाव्या सेकंदाला त्याने फोन तोडला. मास्तरांनी लिहिलं, ‘संभाषण समाधानाने पूर्ण.’ पुढच्या दोन गुरुवारी तसंच झालं. आईला वाटलं आपल्याच फोनमध्ये बिघाड आहे. मग तिने घड्याळाच्या ठोक्यांवर मोजून पाहिलं, आणि तिला बिघाड कुठे आहे ते कळलं.

चौथ्या गुरुवारी “जेवलास?” झालं, “हो” झालं, आणि पाठोपाठ लाइनवर खडखड सुरू झाली. तिने फोन शिलाई मशीनच्या पाटावर ठेवला होता आणि ती कपडा शिवत होती. बारा मिनिटं पूर्ण झाली. इकडे टेलर रिसीव्हर कानाला लावून उभा होता आणि मधूनमधून ‘हं’ म्हणत होता.

मास्तरांची पंचाईत झाली. गोषवारा किमान पाच ओळींचा हवा असा दंडक होता. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: ‘खड खड खड. थांबणे. खड. कैदी: हं. पुन्हा खड खड, वेग जास्त. कैदी: हं हं.’ पाच ओळी भरल्या, वही अधीक्षकांकडे गेली, आणि अधीक्षकांची नजर बरोबर त्या ‘हं’वर अडली. माणूस ‘हं’ कधी म्हणतो? काहीतरी कळलं तर. आणि मशीनच्या खडखडीतून जे कळतं, पण कानमास्तरांसारख्या चौदा वर्षं मुरलेल्या माणसाला कळत नाही, ते काय असणार? सांकेतिक निरोप. तर्कात कुठे खोट काढायला जागा नव्हती.

फोन थांबवण्यात आला आणि त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. समितीवर एक तारा-वायरींचे जाणकार होते, एक गुप्त माहितीचे जाणकार होते, आणि तिसरे निवृत्तीला आलेले एक अधिकारी होते, ज्यांचं समितीवर बसायचं तेवढं राहून गेलं होतं. तीन बैठकांनंतर समिती या निष्कर्षाला आली की शिलाई मशीन समितीला कळत नाही. तज्ज्ञ हवा. नियमाप्रमाणे तज्ज्ञ शक्यतो आस्थापनेतलाच घ्यायचा असतो. आस्थापनेत शिवणकाम येणारा माणूस शोधण्यात आला, तेव्हा तो चार नंबरच्या बराकीत मिळाला.

टेलरला रीतसर नेमणुकीचं पत्र गेलं. तपासातली माहिती संशयिताला कळू देणार नाही, अशी हमी त्याने तज्ज्ञ म्हणून सही करून दिली. संशयिताला याची कल्पना दिल्याची पोच त्याने संशयित म्हणून दिली.

समितीसमोर मास्तरांनी ध्वनिमुद्रण लावलं. टेलर डोळे मिटून ऐकत होता.

“बाही आहे,” तो म्हणाला. “जाड कापडाची. सुई बोथट झालीय, तेलही नाही दिलेलं. आता दोरा तुटला.”

खडखड थांबली. सगळे वाट पाहू लागले. मास्तरांची नजर सवयीने घड्याळावर गेली.

“किती झाले?” टेलरने विचारलं.

“सतरा सेकंद,” मास्तर म्हणाले.

“माझी आई गिऱ्हाइकाशी बोलता बोलता दोरा ओवायची. सुईकडे बघायचीसुद्धा नाही.”

मुद्रणात मशीन पुन्हा चालू झालं, पण आवाज पोकळ होता. दोन-चार फेरे, की थांबलं. पुन्हा सतरा-अठरा सेकंद, पुन्हा दोन-चार पोकळ फेरे. असं सात वेळा झालं.

गुप्त माहितीचे जाणकार पुढे सरकले. “हाच तो संकेत. काय सांगतेय ती इथे?”

“काही नाही सांगत, साहेब. हे शिवण नाही. यात दोराच नाही. दोरा ओवला जात नाहीये तिच्याच्याने. मधेमधे नुसतं चाक फिरवतेय. वीस सेकंद होऊ नयेत म्हणून.”

समितीने याची नोंद घेतली. संकेत नाही, निरोप नाही, संशयित निर्दोष. तज्ज्ञाचे आभार मानण्यात आले आणि त्याला बेडी घालून परत नेण्यात आलं. फाइल मिटणार, इतक्यात निवृत्तीला आलेल्या अधिकाऱ्यांनी आयुष्यातला पहिला मुद्दा काढला. मशीन निरोप देत नसेल, पण लाइनवर तिसरा आवाज आहे हे तर आता सिद्धच झालं. तो यादीत आहे का? नव्हता. मग नियमाप्रमाणे फोन कायमचा बंद. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत आवाजाची नोंदणी झाली नाही, तर आदेश लागू होणार होता.

मास्तरांनी चौदा वर्षांत कक्षातून बाहेर कोणाला फोन केला नव्हता. त्यांचं काम ऐकण्याचं होतं. बुधवारी सकाळी मात्र नातेवाईक-नोंदणीचा कोरा अर्ज समोर ओढून त्यांनी टेलरच्या आईला फोन लावला.

“मावशी, तुरुंगातून बोलतोय. घाबरू नका. तुमच्या मशीनचं वय काय?”

“बेचाळीस.”

“आणि टेलरचं ते कोण लागतं?”

मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मास्तरांनी वाट पाहिली. या लाइनला यंत्र नव्हतं.

“त्याच्या आधीची ती घरात,” मावशी म्हणाल्या. “त्याचं अंगडं तिनेच शिवलं. थोरलीच म्हणायची.”

मास्तरांनी लिहिलं: ‘नातं: थोरली बहीण. व्यवसाय: शिवणकाम. प्रत्यक्ष हजर न राहण्याचं कारण: वजन.’ फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत अशी अट होती. शेजारणीने काढून पाठवलेल्या फोटोत एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला सुईचं तोंड स्पष्ट दिसत होतं. त्यावर समिती समाधानी झाली. एकही रकाना रिकामा नसलेला असा अर्ज कक्षात पहिल्यांदाच आला होता. अधीक्षकांनी साडेचारला सही केली. त्या वर्षीच्या अहवालात ‘कैद्यांच्या संपर्कातील नातेवाइकांत वाढ: एक’ अशी नोंद आहे, आणि इतर तुरुंगांनी तिचा आदर्श घ्यावा असं वर सुचवलं आहे.

गुरुवारी फोन झाला. “जेवलास?” झालं, “हो” झालं, मग थोरली बोलू लागली. मधेच ती थांबली. टेलर म्हणाला, “आई, सुई बदल. आणि दोरा शेजारच्या काकूंकडून ओवून घेत जा.” आई म्हणाली, “हं.” बारा मिनिटं भरली. मास्तरांनी पाच ओळी लिहून वही मिटली.

दीड वाजता त्यांनी डबा उघडला, आणि त्यांच्या आईचा फोन आला.

“जेवलास?”

“जेवतोय. तू?”

“हो.”

पुढे आई काही बोलली नाही. मागे भावाच्या घरातला पंखा कुरकुरत होता. पोळीचा तुकडा हातात तसाच धरून मास्तर म्हणाले, “बरं, ठेवतो मग.” चौदा वर्षांच्या सवयीने त्यांची नजर घड्याळावर गेली होती. शांतता नऊ सेकंद टिकली होती.

वीस सेकंदांची सवलत फक्त कैद्यांना आहे, हे यावरून कोणाच्याही लक्षात येईल. बाहेरच्या लोकांसाठीही असं यंत्र बसवावं, असा एक प्रस्ताव मध्यंतरी आला होता. खात्याने घरोघरची पाहणी करून तो फेटाळला. बाहेर यंत्राची गरजच नाही, नागरिक ते काम हाताने आणि निम्म्याहून कमी वेळात करतात, असं पाहणीत दिसून आलं. आपला मागच्या रविवारचा घरी केलेला फोनही त्या पाहणीत धरला आहे. सात सेकंद. खात्याने आपलं अभिनंदन कळवलं आहे.