तुतीचे डाग

ड्रोन गच्चीवरून घुंऽऽ करत उठला तेव्हा ताईच्या हातात वाळत घालायची चादर होती. ती चादर तशीच डोक्यावर घेऊन ती मटकन खाली बसली.

"डोकंबिकं नाही ना उडवणार ते?"

"ताई, उभी राहा. फोटोत गाठोडं दिसतंय."

"दिसू दे. पुसशीलच की तू."

हा टोमणा तिच्या भावाला नवा नव्हता. फोटो स्टुडिओ काढल्यापासून सगळी वस्ती त्याला खोडरबर म्हणत असे. मुरूम, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, काही म्हणून तो शिल्लक ठेवत नसे. एका गिऱ्हाइकाच्या कपाळावरची खोक त्याने इतकी सफाईने मिटवली, की ओळखपत्राच्या खिडकीवरच्या बाईने 'हा माणूस तुम्ही नव्हे' म्हणून त्याला परत पाठवलं. आणि लग्नानंतरच्या पहिल्याच फोटोत बायकोच्या हनुवटीवरचा तीळ काढला, त्यावर बायको अजून म्हणते, "आवडत नव्हता तर बघायला आलात तेव्हाच सांगायचं."

आता लोक मोबाइलमध्ये स्वतःच स्वतःला पुसतात. स्टुडिओत माशी येईना, म्हणून खोडरबरने ड्रोन घेतला होता. पहिलं काम घरचंच निघालं. भावोजींचे गुडघे जिन्याला दाद देईनात, मुलगा लांबच्या शहरात लिफ्टवालं घर बघून बसलेला, तेव्हा घर विकायचं ठरलं. भावोजींना जाहिरातीसाठी फोटो हवा होता. ताईला हवा होता तो वेगळ्याच कारणासाठी.

"घर जायचंय ते जाऊ दे," ती चादर झटकत म्हणाली, "पण आहे तसा एक फोटो मला दे. वरून. तुतीसकट."

तुतीचं झाड ताईने या घरात आल्या वर्षी लावलेलं. ते वाढून फाटकावर आडवं झालं होतं, आणि दर उन्हाळ्यात पायऱ्या, कठडा, वाळत घातलेले कपडे, भावोजींचे सदरे, सगळं जांभळं करून टाकत होतं. भावोजी दर उन्हाळ्यात त्याला तोडायची धमकी देत आणि दर उन्हाळ्यात वाटी घेऊन त्याच्याखाली बसत.

ड्रोनने घराला प्रदक्षिणा घातली. खोडरबरने फोटो घेतले आणि घरी जाऊन संगणकापुढे बसला. वरून काढलेल्या फोटोत एक खोड असते: काढणारा स्वतःच त्यात येतो. गच्चीच्या कोपऱ्यात रिमोट धरून मान वर केलेला, टक्कल चमकवणारा एक इसम प्रत्येक फोटोत होता. खोडरबरने आधी त्याला पुसलं. मग चादर डोक्यावर घेतलेली ताई गेली. मग भावोजींची तीन पायांची खुर्ची. मग पायऱ्यांवरचे जांभळे डाग. शेजारच्या मास्तरांची पाण्याची टाकी अगदी डोळ्यांत खुपत होती, ती गेली. एवढं झाल्यावर तुतीच डाग दिसायला लागली. फाटक झाकत होती, अर्ध्या भिंतीवर सावली टाकत होती. तीही गेली. त्याने मागे रेलून पाहिलं. घर नुकतंच आंघोळ करून, भांग पाडून बसल्यासारखं दिसत होतं.

आणि मग, ड्रोनच्या कार्डावर जागा हवी म्हणून, त्याने बाकीचे सगळे फोटो उडवले. ही त्याची जुनी रीत. साफ झालेला चेहरा असताना डागाळलेला कशाला ठेवायचा?

जाहिरात लागली. दोन-चार दिवसांनी ताईच्या फाटकाशी एक बाई घामाघूम होऊन उभी राहिली. दातांची डॉक्टर होती. मोबाइल पुढे करून म्हणाली, "हे घर कुठे आहे हो? गल्ली दोनदा पालथी घातली."

ताईने चष्मा लावून फोटो बघितला. "छान आहे. पण असं घर आमच्या गल्लीत नाही बाई."

"पत्ता तर इथलाच दिलाय."

"हल्ली कशाचा भरवसा नाही. या, बसा सावलीला."

डॉक्टरीणबाई तुतीखाली बसल्या, पाणी प्यायल्या, पडलेल्या तुती वेचून खाल्ल्या, दात जांभळे करून घेतले आणि रविवारी पुन्हा येते म्हणून गेल्या.

संध्याकाळी भावोजींना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं, आपलंच घर ते."

"आपलं?" ताईने फोटो पुन्हा पाहिला. "माझी तुती कुठाय?"

उत्तर यायच्या आत शेजारचे मास्तर आले. त्यांच्याही हातात मोबाइल.

"माझी पाण्याची टाकी कुठाय?"

खोडरबरला बोलावणं गेलं. तो आला, आणि तिघांकडे बघून समजूत घालू लागला, की जाहिरातीचा फोटो असाच असतो, गिऱ्हाइकाला फक्त अंदाज द्यायचा असतो.

"मेहुणे, ती बाई गल्लीत अंदाजच घेत फिरत होती," भावोजी म्हणाले. त्यांचा जन्म वजनकाट्यांच्या तपासणीत गेला होता, आणि माप एक दाखवून माल दुसरा देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "फोटोत दाखवलं ते रविवारी दिसलं पाहिजे. मास्तर, तुमची टाकी..."

"तुमच्या फोटोपायी मी पाणी पिणं सोडू?"

"बरं, टाकी राहिली. बाकीचं तरी जुळवू."

खोडरबर म्हणाला, "भावोजी, त्यापेक्षा फोटो बदलू की. मी दुसरा काढतो."

"म्हणजे पहिला खोटा होता हे आपणच छापायचं? नको. माझं नाव आहे त्याखाली."

आणि घराने फोटोसारखं दिसायला सुरुवात केली. भिंती रंगल्या, पायऱ्या घासल्या, तीन पायांची खुर्ची भंगारात गेली. शुक्रवारी झाडं तोडणारा माणूस करवत घेऊन आला. ताई झाडाच्या बुंध्याशी उभी राहिली आणि भावोजींकडे न बघता भावाला म्हणाली,

"फोटो आहे ना रे तुझ्याकडे? झाडासकटचा?"

"आहे ना," खोडरबर म्हणाला. स्टुडिओवाला ज्या सहजपणे 'उद्या मिळेल' म्हणतो, तितक्याच सहजपणे. फोटो काढला होता, म्हणजे तो असणारच.

ताई बाजूला झाली.

रविवारी डॉक्टरीणबाई आल्या. फाटकाशी थबकल्या, पुढे गेल्या, परत आल्या.

"माफ करा, मी घर चुकले वाटतं."

"नाही, नाही," भावोजी पुढे झाले. "हेच. फोटोतलंच. जुळवून बघा हवं तर. टाकी तेवढी शेजाऱ्यांची आहे."

बाईंनी फोटो पाहिला, घर पाहिलं आणि फाटकाजवळचा ताजा बुंधा पाहिला.

"फोटोतलं घर सापडेना, म्हणून मी त्याचा नाद सोडला होता," त्या हळूच म्हणाल्या. "आज तुम्हाला विचारायला आले होते, की तुमचं हे झाडवालं घर देता का."

मास्तरांच्या टाकीत पाणी पडत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

घर विकलं गेलं नाही. पुढे जे येत ते म्हणत, घर नीटनेटकं आहे, पण ऊन फार लागतं. भावोजी नवं कोरं स्टूल घेऊन पायरीवर बसत, काही वेळाने उन्हाने उठत आणि 'उकडतंय' एवढंच म्हणून आत जात.

ताईने फोटो मागितला तेव्हा खोडरबरने कार्ड उलटंसुलटं केलं, संगणक पालथा घातला. रिकाम्या डब्यात हात घालून पुन्हा पुन्हा तळ चाचपावा तसं ते होतं. शेवटी त्याने दुसऱ्या कुठल्या फोटोतलं एक झाड कापून त्या फोटोत बेमालूम चिकटवलं, चांगली सावलीसुद्धा पाडली, आणि ताईला नेऊन दाखवलं.

ताईने बराच वेळ पाहिलं.

"कुणाचं आहे हे?"

"तुतीच आहे, ताई."

"तुती आहे. पण कुणाची?"

तेव्हा त्याने खरं सांगितलं. ताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चहा घेतोस?" आणि आत गेली. बराच वेळ आलीच नाही.

पावसाळा सरला आणि एके दिवशी तिचा फोन आला. "बुंध्याला फुटवा आलाय. तुझं ते यंत्र घेऊन ये."

तो धावतच गेला. ड्रोन उडवला, फोटो घेतला, घरी येऊन जीव ओतून काम केलं आणि ताईला पाठवला. लगेच फोन वाजला.

"फुटवा कुठाय?"

"असेल की. फाटकापाशी बघ, हिरवा..."

बोलता बोलता त्याने स्वतःच फोटो उघडून पाहिला. इतक्या उंचावरून तो फुटवा म्हणजे बुंध्यावरचा एक हिरवा ठिपका. हात सवयीने गेला होता आणि ठिपका काढून मोकळा झाला होता.

"पुसलास," ताई म्हणाली.

"पुसला," तो म्हणाला. "पण थांब. या वेळी मूळचा ठेवलाय."

त्याने तो पाठवला. तिकडे ताई बोटांनी फोटो मोठा करत असणार, चष्मा नाकावर चढवून.

"दिसला," ती म्हणाली. मग, "आणि गच्चीच्या कोपऱ्यात हा कोण? टकलू, आ वासून वर बघणारा?"

खोडरबर ओशाळला. "मीच गं तो. नेहमीच येतो मधे. काढून पाठवतो."

"नको," ताई म्हणाली. "राहू दे त्याला."